रूबेनचं म्हातारपण

मी तीन गोठ्यांचे हिशेब लिहिते.
दर दुसऱ्या शुक्रवारी, विस्कॉन्सिनमधल्या या खोलीत,
जिथे हीटर लावला की आधी शेणाचा वास गरम होतो
आणि मग माणूस.

ओस्ट्राइखच्या गोठ्यात सहाशे चाळीस गाई.
प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला:
जन्मतारीख, आईचा नंबर, लशी,
किती वेळा व्याली, मागच्या मंगळवारी किती दूध.
एखादी कुंपण मोडून गेली
तर तासाभरात कळतं ती कुणाची.

माणसं अकरा.
त्यांचे कागद माझ्या खालच्या खणात,
आणि त्या कागदांवरच्या नावाने हाक मारली
तर एकही जण पटकन मागे वळत नाही.

रूबेन ओल्वेरा, उदाहरणार्थ.
पहाटे तीनची पाळी, चार वर्षं, एक खाडा.
त्या दिवशी ४४१७ने लाथ झाडून मनगट मोडलं त्याचं.
मीच नेलं माझ्या गाडीतून,
हमरस्ता टाळून, शेताशेतांमधून.
दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईने नाव विचारलं
तर तो माझ्याकडे बघायला लागला,
जणू मी ते घरी विसरून आले होते.
परतताना, पुलाच्या अलीकडे, आपणहून म्हणाला:
एलेउतेरिओ. एलेउतेरिओ त्सानाउआ.
एवढंच. पुढे रेडिओ.

दुभत्या गाईच्या लाथा गोड, म्हणतात.
गोड कुणाला, ते कुणी सांगत नाही.

गुरुवारी टाउन हॉलमध्ये सभा झाली.
गॉर्डन लिंडक्विस्ट उभा राहिला:
हे लोक आपल्या पोरांच्या तोंडचा घास काढतात.
त्याचा पोरगा फीनिक्सला घरं विकतो.
एक उन्हाळा आला होता गोठ्यात, नऊ दिवस.
त्याचाही पगार मीच काढला होता.
पण चीजचा कारखाना बंद पडला तेव्हा
गॉर्डन पन्नाशीचा होता, आणि कुणीच सभा घेतली नव्हती.
त्याचं दुःख खोटं नाही.
त्यावरचा पत्ता चुकलाय.

मग ओस्ट्राइख उठला.
हे गेले तर दूध कोण काढणार?
किती महागेल, माहितीय?
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि मध्येच थांबले:
ही बाजू घेणं झालं
की भाव सांगणं?
दोघंही लिटरमध्येच बोलत होते.

ताकाला जाऊन भांडं लपवायची आमच्या गावाची जुनी रीत.
त्या रात्री भांडं टेबलाच्या मधोमध होतं
आणि सगळे छताकडे बघत होते.
मी काही बोलले नाही.
कॉफीचे कप गोळा केले.

आज सरकारी पत्र आलं.
कळवण्यात येते की ओल्वेरा, रूबेन
यांचे नाव व नंबर जुळत नाहीत.
दरवर्षी येतं.
चार वर्षं मी त्याच्या पगारातून
म्हातारपणाचे पैसे कापते,
तेवढेच मालकाचे घालते, पाठवते.
नाव जुळत नाही, नंबर जुळत नाही.
पैसे एकदाही परत आलेले नाहीत.

तो चेक घ्यायला आला तेव्हा मी विचारलंच:
तुला कळतं ना, यातलं तुला काही मिळायचं नाही?
बुटांतून पाणी गळत होतं फरशीवर.
मनगट अजून थोडं वाकडं.

"माझे कुठेत ते? रूबेनचे आहेत," तो म्हणाला.
"सदुसष्टचा होईल ना तो.
कुठेतरी अंगणात खुर्ची टाकून बसेल.
गुडघे धड असतील त्याचे.
पहाटे तीनला जाग आली
तर कूस बदलून झोपेल."

आणि हसला,
दूरच्या एखाद्या चुलतभावाचं बरं चाललंय म्हणून हसावं तसा.

मी पत्र खणात टाकलं, आधीच्या तिघांवर.
पलीकडे ४४१७ हंबरायला लागली होती,
दुपारच्या धारेला
चार मिनिटं उशीर झाला होता.